अकरा मीटरचं मैदान

बोरीवलीच्या त्या मैदानावर सकाळ एकदम होत नसे. आधी नॅशनल पार्ककडच्या डोंगराची कड फिकट होई. मग सोसायट्यांच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाक्या उजळत. आणि सगळ्यांत शेवटी, आपली कुणी वाटच पाहत नसावं अशा संकोचाने, ऊन मातीवर उतरे. तेव्हा कुठे भीमराजने ओढलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेषा पांढऱ्याशुभ्र दिसू लागत.

भीमराज कॉलेजच्या मुलांना कबड्डी शिकवी. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मुलींच्या कॉलेजची प्रशिक्षक शकु इथेच अचानक समोर उभी राहिली होती. वेळ तीच, मैदानही तेच! तिने चपलेनेच त्याची रेषा पुसली.

"पुरुषांचं मैदान साडेबारा मीटर, सर. माझ्या पोरींना अकरा लागतं. आता काय करायचं, बोला!"

 त्याने वाकून नवी रेषा ओढली होती. तेव्हापासून सहा ते सात मुलं, नंतर मुली; आणि मधल्या दहा मिनिटांत ती दोरी धरी, तो आखी.

आज त्याच्या खिशात नागपूरच्या कॉलेजचं पत्र होतं. कायमची नोकरी, हॉस्टेलात राहणारा संघ... होकार आजच तारेने कळवायचा होता. इतकी वर्षं ज्याची आस धरली, तेच हाती येताना मन असं का भांबावावं, हे त्याला उमगत नव्हतं.

"नागपूरला चाललात म्हणे?" दोरीचं टोक उचलत शकुने विचारलं.

"ठरलं नाही अजून... पोरांना असं अर्ध्यावर सोडून—"

"पोरांना?" तिने पायाखालच्या रेषेकडे पाहिलं. "मग सकाळी सकाळी, पोरांच्या वेळेला हे अकरा मीटर कोणासाठी आखलंत?"

"ते... चुकून."

"आठ दिवस रोज चुकतंय? झकास हं, सर!" हसता हसता तिचा आवाज जरासा कापला. "जायचं तर जा रे, भीमराज. पण उगाच पोरांचं नाव नको घेऊस."

दोरी दोघांच्या मध्ये ताणलेली होती. तिने सोडली नाही, त्यालाही सोडवेना. ऊन आता तिच्या कपाळावर आलं होतं.

"आणि नागपूरला काय कळवणार?" तिने हळूच विचारलं.

"नकाराची तार करतो," तो म्हणाला.  "पोरं मागच्या आठवड्यातच स्पर्धेत हरली, शकु. त्यांचा यंदाचा सराव तेव्हाच संपला. मी... तुझ्यासाठीच येतो."