खडीचं विरजण

शिवकन्या खडीच्या ढिगाशी उकिडवी बसून दगडांवर लिंबू पिळत होती, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "मीठबी आणू का?"

तिनं वळून पाहिलं नाही. दगडावर बुडबुडे येतात का, ते कळायला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि मागचा आवाज कुठं पळून जाणारा वाटत नव्हता. काळ्या खडीवर काहीच झालं नाही. ज्या खड्यांत पांढरे ठिपके होते, तिथं मात्र बारीक फेस आला.

"फसफसलं की," आवाज आता शेजारी येऊन बसला होता. "चांगलं का वाईट?"

"वाईट. पांढऱ्यात चुना आहे. पाण्यात उतरला तर रोपांना लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात."

"म्हंजे स्थळ बघितल्यावानी खडी बघायलात तुम्ही."

"स्थळाची एवढी चौकशी कुणी करत नाही," ती म्हणाली, आणि मग वळली.

सिमेंटनं पापण्यासुद्धा पांढुरक्या झालेल्या, आणि हसू दाबायचा प्रयत्न फसलेला. नाव कृष्णराज. बेंबळीच्या फाट्यावरचं वाळू-खडीचं हे दुकान त्याचं, मूळ गाव तामलवाडी, राहायला दुकानामागची खोली, एकटाच. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. शिवकन्यानं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, न विचारता मिळालेल्या माहितीचं काय करायचं, हे तिला तिथं कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ती नुसती ठेवून घेतली.

"किती ब्रास टाकू?"

"ब्रास नको. चार गोण्या. पांढरे ठिपके वगळून."

"चार गोण्यांत काय बांधणार, मॅडम?"

"मासे आणि पालक," ती म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच गोण्या घेऊन आला. शिवकन्यानं एकीचं तोंड सोडलं आणि थांबली... खडीला लिंबाचा वास येत होता.

"सगळी तपासलीत?"

"सगळी न्हाय," तो मान खाजवत म्हणाला. "बाजारातली लिंबं संपली."

परसात तिनं प्लास्टिकची मोठी टाकी ठेवली. तिच्यावर विटांच्या ओट्यावर निळं पिंप उभं चिरून आडवं मांडलं आणि त्यात खडी भरली. टाकीत मासे राहणार, त्यांचं घाण पाणी पंपानं खडीत चढणार, खडीत वाढलेले जिवाणू त्या घाणीचं रोपांसाठी खत करणार, आणि निवळलेलं पाणी परत माशांकडं उतरणार. माती कुठंच नाही.

तिची आई, तारामती, गळ्यात माळ असलेली बाई. "मासे? ह्या घरात?"

"खायला नाही, आई. त्यांच्या घाणीवर भाजी येईल."

"मग ती भाजी तूच खा."

वडिलांनी, भागवतरावांनी (घरात ते दादा), एकच अट घातली होती. "मासे जगले तर चालू दे. मेले तर टाकी हलवायची, आन् मग आमी म्हणतो तसं." आमी म्हणतो तसं म्हणजे लग्न. याचा खुलासा घरात कुणाला लागत नव्हता.

मासे लगेच सोडता येत नव्हते. जिवाणू खडीवर बसेपर्यंत पाण्यात घाण कालवून वाट पाहायची होती. हे ऐकून तारामतीबाई म्हणाल्या, "म्हंजे विरजण लागायची वाट बघायची." शिवकन्यानं विचार केला. तंतोतंत तेच होतं.

त्या काळात कृष्णराज येत राहिला. कधी पाइपाचं कोपरं द्यायला, कधी ओट्याच्या विटा सरळ आहेत का ते पाहायला. विटा सरळच होत्या. पाण्यात घाण किती उरली ते पाहायला ती नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकी, आणि तो नळी उन्हात धरून रंग सांगे.

"हिरवा."

"किती हिरवा?"

"तुमच्या परवाच्या ओढणीवानी."

"परवाची ओढणी निळी होती."

"काठ हिरवा होता," तो नळीकडंच पाहत म्हणाला.

तिनं घरात जाऊन पाहिलं. काठ हिरवा होता. निरीक्षण बरोबर होतं, आणि ते कशासाठी केलं गेलं, हा प्रश्न तिनं बाजूला ठेवला... तो बाजूला राहीना, हे तिच्या ध्यानात आलं.

थंडी सुरू होता होता नळीतला हिरवा रंग जाऊन स्वच्छ पिवळा आला. पाणी तयार झालं. तिनं रोहूची बोटुकली आणून सोडली, बोटभर लांबीची, चांदीच्या चुऱ्यासारखी. खडीत पालक टरारला. त्या दिवशी कृष्णराज रिकामी बादली घेऊन आला.

"आमच्या बोअरच्या हौदात गप्पी मासे हायेत. मलाबी घालून द्या थोडं विरजण."

"तुम्हाला कशाला?"

"तुम्ही दिवसभर त्यात काय बघता ते बघायचंय."

तिनं पिंपातली बादलीभर ओली खडी त्याला दिली. "वाळू देऊ नका," एवढंच सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. ती राहिली.

महिन्याभरानं उमरग्याहून पाहुणे तिला बघायला येणार, असं ठरलं. "मासे जगलेत ना," ती वडिलांना म्हणाली. "जगू दे. नुसतं बघायला काय जातं?" ते म्हणाले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती तपासणीचे थेंब आणायला धाराशिवला गेली आणि दिवस कलताना एस.टी.नं परत आली.

परसाच्या दारातच वास आला. ग्रामपंचायत पाण्यात टाकते त्या टीसीएल पावडरचा. पालक उपटून कडेला ठेवलेला, आणि पिंपातली खडी नव्यासारखी लखलखत होती. पंप चालू होता. आणि टाकीत सगळी बोटुकली वर येऊन, तोंडं उघडून...

तिनं आधी पंप बंद केला.

"मीच सांगितलं त्याला," तारामतीबाई मागून म्हणाल्या. "खडीवर शेवाळ आलतं. पाहुण्यांपुढं कसं दिसलं असतं? कृष्णराजनं पाटीभर टीसीएल लावून घासून दिली बिचाऱ्यानं."

कृष्णराज हातात खराटा घेऊन उभा होता. "काय झालं?"

"विरजण मेलं," शिवकन्या म्हणाली. आवाज चढला नाही. तिला स्वतःलाच तो परका वाटला. टीसीएलनं जिवाणू मरतात, हेच त्याला सांगायचं राहिलं होतं. "आणि पाण्यात क्लोरीन उतरलंय, म्हणून मासेही मरतील. मेडिकलमधून सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणा. मिळतील तेवढ्या, त्यांनी क्लोरीन मरतं."

तो खराटा टाकून धावला.

गोळ्या तिनं वरवंट्याखाली चुरून पाण्यात कालवल्या, ते पाणी खडीवरही ओतलं. वास विरला. काही मासे उलटे झाले होते, ते तिनं जाळीनं काढले. बाकीचे हळूहळू खाली गेले.

"वाचले?" त्यानं विचारलं.

"आज वाचले. पण घाण आता कोण खाणार? दोन-तीन दिवसांत ह्याच पाण्याचं विष होईल. नवं विरजण लागायला महिना जातो. दादा म्हणतील, टाकी हलवा."

त्यानं टाकीत डोकावून पाहिलं. तोंड फिरवून गेला. शिवकन्याला वाटलं, गेला. तिनं तशी नोंदही मनात केली, आणि ती नोंद करताना तिला जे झालं, त्याला तिच्याकडं शब्द नव्हता.

तारामतीबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या तेव्हा तो परत आला. खांद्यावर कांद्याची जाळीची गोणी, तिच्यातून पाणी निथळत होतं. शर्ट पाठीपर्यंत भिजलेला.

"हौदातली. तुमचीच खडी," तो धापा टाकत म्हणाला. "वाळू दिली न्हाय."

शिवकन्यानं एक खडा उचलला. तपकिरी, बुळबुळीत, जिवंत.

"आरं, दिवेलागणीला कुणी विरजण घराबाहेर काढतं का?" तारामतीबाई म्हणाल्या. "देणाऱ्याच्या घरातली बरकत जाती."

"माझ्या घरात दिवा लावायलाच कुणी न्हाय, मावशी. मग कसली दिवेलागण."

तारामतीबाई वातीकडं पाहत राहिल्या. मग आत गेल्या.

दोघांनी मिळून गोणी पिंपात पुरली. पाणी गार होतं. खडीखाली त्याचा हात तिच्या हाताला लागला... आणि दोघांपैकी कुणीच तो घाईनं काढला नाही.

"पाहुणे येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"तरी खडी घासलीत?"

"तुमचं चांगलं दिसावं म्हणून."

"ह्यात तुमचा काय फायदा?"

त्यानं गोणीवरची खडी सारखी केली. "फायदा कसला. तोटाच होता," तो म्हणाला. "खरं सांगू का, शिवकन्या... घासताना एकदा वाटलंतं, घाणच राहू द्यावी."

त्यानं पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं पंप चालू केला. पाणी खडीत चढू लागलं, त्या गोणीभोवतीही.

"आई," तिनं हाक दिली, "पाहुण्यांना फोन कर. उद्या येऊ नका म्हणावं."

तारामतीबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "काय कारण सांगू?"

"सांग, घरात विरजण लावलंय. भांडं हलवायचं नाही."

तारामतीबाईंनी मुलीकडं पाहिलं, मग भिजल्या शर्टाकडं, मग पुन्हा मुलीकडं. "तुझ्या दादांना मी बघते," त्या म्हणाल्या. "आन् त्याला टावेल दे. गारठला त्यो."

त्या आत वळल्यावर कृष्णराजनं हळूच विचारलं, "आता कधी लागंल?"

"थंडीचे दिवस आहेत. वेळ लागेल."

"किती?"

शिवकन्यानं परसातल्या दोरीवरून टॉवेल ओढला आणि त्याच्या हातात दिला.

"रोज येऊन बघावं लागेल," ती म्हणाली.