बुधवारची बाजू

वजनकाटे तपासणं हे माझं काम. काटा खरा की खोटा हे दुकानदाराच्या तोंडाकडे बघून नाही, प्रमाणित वजन ठेवून ठरवायचं. नोकरीमुळे माझा स्वभाव असा झाला की स्वभावामुळे ही नोकरी लागली, यावर बायकोचं नि माझं कधी एकमत झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती चार महिने बहिणीकडे जाऊन राहिली होती. उशीर का झाला, कुणाबरोबर होतीस, या माझ्या उलटतपासणीला ती विटली होती. परत आली ती एका अटीवर. "पुन्हा एकदा जरी 'कुठे आहेस' म्हणून विचारलंस, तर मी जाईन. आणि मग येणार नाही." मी अट पाळत होतो. जीभ चावून का होईना, पाळत होतो.

संगीताचीही आम्ही अशीच समजुतीने वाटणी केली होती. सोमवार ते शनिवार मोबाइल, रविवारी सकाळी टर्नटेबल. आठवडाभर कानात बोळे आणि रविवारी मोठा रसिक, असं ती मला चिडवायची. तबकडीची एक बाजू संपली की स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "बाजू", आणि मी उठून तबकडी उलटायचो. रोज मोबाइलवर ऐकता यावं म्हणून आवडत्या तबकड्या मी कॉम्प्युटरवरही उतरवून ठेवल्या होत्या.

सुई किती झिजली ते कळावं म्हणून मी टर्नटेबलला फेरे मोजणारं छोटं यंत्र बसवलं होतं. एका रविवारी आकडा पुढे गेलेला दिसला. सातशे तेहतीस फेरे. म्हणजे बावीस मिनिटं, बरोबर एक बाजू. मी वाजवलेली नव्हती. बायकोला विचारलं असतं, पण तो प्रश्न कुठे जाऊन पोचतो हे मला ठाऊक होतं.

मग मी रोज आकडा टिपू लागलो. तो बुधवारी वाढत होता, मी ऑफिसात असताना. दर बुधवारी सातशे तेहतीस. घराची दुसरी किल्ली फक्त तिच्याकडे, आणि बुधवारी ती दिवसभर व्यायामोपचाराच्या दवाखान्यात कामाला असते, निदान असं ती सांगते. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणाला घेऊन येते ती? दुपारी, माझ्या खुर्चीत कोण बसतं?

पुढच्या बुधवारी मी टर्नटेबलची वायर कॉम्प्युटरला जोडून ठेवली. सुई टेकली की रेकॉर्डिंग आपोआप सुरू व्हावं, अशी सोय करून गेलो.

संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं. बावीस मिनिटं व्हायोलिन. मग शेवटच्या रिकाम्या खाचेतली टकटक. आणि मग तिचा आवाज, "बाजू".

सापडली, असं वाटलं. राग आला आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला. तो ओसरल्यावर ध्यानात आलं की वायर सुईकडून येते. खोलीत माइक नाहीच. सुईला फक्त खाचेत कोरलेलं ऐकू येतं. त्याच तबकडीची मी मागच्या वर्षी उतरवलेली प्रत लावली. तीत व्हायोलिन होतं, टकटक होती. हाक नव्हती.

एवढं कळूनही माझा संशय तिच्यावरच राहिला. संशय असाच हट्टी असतो.

पुढच्या बुधवारी अर्धी रजा टाकून मी घरी आलो. भर दुपार. दाराला बाहेरून कुलूप. तिच्या चपला नाहीत. आत व्हायोलिन वाजत होतं.

मी कुलूप उघडून आत गेलो आणि बूट न काढता खुर्चीत बसलो. सुई आतल्या कडेला पोचली. टकटक सुरू झाली.

"बाजू," स्वयंपाकघरातून हाक आली.

मी उठलो आणि तबकडी उलटली. विचार न करता, दर रविवारी करतो तशी.

मग भान आलं. तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी तिचा नंबर लावला. फोन स्वयंपाकघरात वाजणार होता.

तिथे काही वाजलं नाही. तिने लगेच उचलला. मागे कुणीतरी म्हातारे धापा टाकत पाय उचलण्याचे आकडे मोजत होते. सहा, सात.

"तू कुठे आहेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मागचे आकडे दहापर्यंत गेले.

"कुणाशी बोलतोयस रे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. तिचाच.

फोनवर तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. "घरात कोण बाई आहे?"

कुणी नाही, मी म्हणालो. तुझाच आवाज आहे तो, असंही म्हणालो. पण स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर कुणालाच ओळखू येत नाही.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "आणि वर मलाच विचारतोस, कुठे आहेस म्हणून." तिने फोन ठेवला. नंतर केलेला एकही तिने उचलला नाही. तिचे कपडे न्यायला बहीण आली.

पण ते नंतर. त्या दुपारी मी फोन हातात धरून उभा होतो.

"मला विचार ना काय विचारायचं ते," स्वयंपाकघरातला आवाज म्हणाला. समजुतीने, जराही न चिडता. "मी कुठेच जात नाही."

खरं सांगायचं, तर मला हायसं वाटलं.