आजीची एकेचाळीस प्रश्नचिन्हं

आजोबांच्या पुस्तकात एकेचाळीस ठिकाणी आजीचं नाव गायब होऊन नुसती प्रश्नचिन्हं उमटली होती. समुद्रातल्या कालवांवरचं हे पुस्तक दोघांनी रत्नागिरीच्या घरी मिळून लिहायला घेतलं होतं. आजी गेल्या महिन्यात गेली. आणि आज, ९ मार्च २०६१ला, पाच वाजता ते छापायला जायचं होतं.

सगळा घोळ नव्या संदर्भ-सॉफ्टवेअरचा (कोणता लेख कोणी, कधी लिहिला याची नोंद ठेवणारी प्रणाली). जुनं बंद होणार म्हणून आमच्या ठोकळ्याने, म्हणजे यंत्रमानवाने, काल सगळ्या नोंदी नव्यात हलवल्या. चार हजार निघाल्या, चार हजार पोचल्या, असं तो शपथेवर सांगत होता. मग एकट्या आजीनेच त्याचं काय घोडं मारलं होतं?

आजोबा म्हणाले, राहू दे, तसंच पाठवू. मी बरी राहू देईन! आजीच्या लेखांच्या नोंदी उघडल्या, तर पहिलीच होती ‘कै. कुमुद टिळेकर, २०३८’. ते ‘कै.’ आजोबांनीच मागच्या आठवड्यात तिच्या प्रत्येक नोंदीला लावलं होतं.

मग ठोकळ्याने नीट उलगडून सांगितलं. पुस्तक नोंद शोधतं ते ओळखखुणेवरून (नाव आणि वर्ष जोडून केलेली किल्ली). जुन्या सॉफ्टवेअरने ती खूण एकदाच केली आणि तशीच जपली. नव्या सॉफ्टवेअरने सगळ्या खुणा पुन्हा केल्या, त्यात ‘कै.’ शिरलं; पुस्तक मात्र जुनीच खूण शोधत होतं. हजेरीत माझं नाव ‘सर्दीवाली शाल्मली’ असेल, तर बाईंच्या ‘शाल्मली’ला ‘हजर’ कोण म्हणणार?

म्हणजे ‘कै.’ काढून शेऱ्यात (जादा माहितीच्या रकान्यात) ठेवायचं, एवढंच. ठोकळ्या क्षणात करणार होता, पण आजोबांनी त्याला थांबवलं. ते एक अक्षर लिहायला त्यांना तीन आठवडे लागले होते. आता पुसायलाही हात उठेना. मला फार वाईट वाटलं.

“आजोबा, हे लेख लिहिले तेव्हा आजी होती ना?”

आजोबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग एकेक ‘कै.’ स्वतःच पुसू लागले. पाचला दहा मिनिटं असताना शेवटचं प्रश्नचिन्ह गेलं. उद्या कुणी कालवांचा अभ्यास करेल, त्याला आजी सापडेल.

आजोबांनी पडद्यावरचं नाव हळूच वाचलं, “कुमुद टिळेकर.”

“हजर,” मी म्हटलं.