पालथं माप

एक विचारू का? संध्याकाळी पालथं घातलेलं भांडं सकाळी उताणं झालेलं तुम्ही कधी पाहिलंय? घरात मांजर नाही, उंदीर नाही, दाराला कुलूप. पाहिलं नसेल तर बरंच आहे. कोपरगावच्या कमरुद्दीन मिस्त्रीनं असलं काही कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. काकासाहेबांच्या वस्तीवर गेला तो बाहत्तर साली, आणि गेला तोही अगदी साध्या कामासाठी.

गोदावरीच्या काठाला काकासाहेबांची उसाची शेती. वस्तीच्या टोकाला जुनं गुऱ्हाळ होतं. साखर कारखाना सुरू झाला, ऊस तिकडे जाऊ लागला आणि गुऱ्हाळाची चूल विझली ती विझलीच. त्या गुऱ्हाळात त्यांच्या धाकट्या भावाची, मच्छिंद्रची, जावा मोटारसायकल अकरा वर्षं उभी होती. नगरचा कुणी हौशी माणूस ती मागत होता.

"चालू करा, आन काय किंमत यील ती कागदावर ल्हून द्या," काकासाहेब म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई. माझी अक्कल बैलाच्या शेपटापोतर."

आठवड्यापूर्वी कमरुद्दीन एकदा येऊन गेला होता. किक दबत नव्हती. इंजिन जाम. प्लगच्या भोकातून रॉकेल ओतून त्यानं ते भिजत ठेवलं होतं. आज तो नवा पिस्टन आणि हत्यारांची पेटी घेऊन सकाळच्या एसटीनं आला होता.

गुऱ्हाळाची किल्ली मच्छिंद्रच्या बायकोच्या, मालनबाईच्या कमरेला. तिनं कुलूप काढलं. आत जुन्या काकवीचा आंबूस वास होता. जमिनीवर धूळ अशी की पाय उमटत होते. गाडीवर मात्र धुळीचा कण नव्हता. मडगार्ड कापून टाकलेली, हँडल खाली वाकवलेलं, शर्यतीची गाडी. आणि टाकीच्या झाकणाशेजारी एक पितळेचं माप, लख्ख घासलेलं.

मालनबाईनं ते माप उचललं, पदरानं पुसलं आणि बाजूला ठेवलं. पस्तिशीची बाई. फार बोलायची नाही.

"रोज पुसता वहिनी गाडी?"

"पुसते."

कमरुद्दीननं आधी कागद काढला. टायर गेलेले, चेनला गंज, टाकी चांगली, कुठं पोचा नाही. मीटर चौदा हजार तीनशे सहा मैल. एकेक गोष्ट तो लिहीत गेला. मालनबाई उंबऱ्यावर बसून राहिली. काकासाहेब पाण्याच्या पाळीवर गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"कमरूभाऊ, किमतीचं तुमचं तुमी बघा. मला एकच सांगा. इंजिन उघडल्यावर त्या दिवशी तेल हुतं का न्हवतं, ते कळतं का?"

कमरुद्दीनचा हात थांबला.

या गाडीचं असं असतं, की इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. तेवढं विसरलं की पिस्टन कोरडा घासतो, तापतो, आणि धावत्या गाडीत जाम होऊन बसतो. मागचं चाक एका क्षणात अडकतं. मच्छिंद्र शर्यतवाल्यांसारखं एरंडेल वापरायचा. त्या धुराचा वास गाडी गेल्यावरही वस्तीवर रेंगाळायचा. एरंडेल घरातलं, म्हणून ते घालायचं काम मालनबाईचं. एक माप ओतायचं आणि माप टाकीवर पालथं ठेवायचं. पालथं म्हणजे तेल पडलं. मच्छिंद्र यायचा, त्या मापावर बोटाच्या पेरानं टण् करून वाजवायचा, उचलून तिच्या हातात द्यायचा आणि निघायचा.

"त्या दिवशी मी माहेरी जायाचं म्हनत हुते," मालनबाई सांगत होती. "सासूबाई नको म्हनत हुत्या. भांडान झालं. हे म्हनले, शर्यत करून येतो, मग तुला मागं बसवून नेतो, लोक काय म्हनायचं ते म्हनू देत. मी पिशवी भरायला घरात पळाले. माप ठिवल्याचं आठवतं मला. तेल वतल्याचं... आठवत न्हाई."

पुलाच्या अलीकडं मच्छिंद्र गाडीवरून फेकला गेला होता. डोकं दगडावर आपटून जागीच गेला. गाडी बैलगाडीत घालून आणली आणि गुऱ्हाळात लोटली, ती आज उघडत होती.

दुपारी कमरुद्दीननं कार्बोरेटर सोडला. त्याच्या तळाशी पितळेची एक वाटी असते, पेट्रोल तिच्यात साठतं. पेट्रोल उडून जातं, तेल राहतं. अकरा वर्षांनीसुद्धा एरंडेल तिथं डिंकासारखं चिकटून राहिलं असतं. त्यानं वाटी उजेडात धरली. आतून ती कोरडी होती. नव्या भांड्यासारखी स्वच्छ. मग सिलिंडर वर ओढला. पिस्टनवर उभे ओरखडे, नखानं ओरबाडल्यासारखे.

मालनबाई बघत होती. कमरुद्दीनलाही घरी बायको होती, मुली होत्या. त्यानं वाटी रॉकेलच्या डब्यात बुडवली आणि म्हणाला,

"तेल होतं वहिनी. गरमीनं धरलं इंजिन. तुमची काही चूक नाही."

तिला रडू येईल, असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. मापाकडं बघत म्हणाली,

"मग ते असं का करत्यात?"

"कोण?"

"मी रोज दिवेलागणीला माप पालथं घालते. कुलूप लावते. किल्ली माझ्या कमरेला. सकाळी येते तर..." तिनं तळहात वर केला. "उताणं. रोज. अकरा वर्सं झाली."

कमरुद्दीन हसला नाही. पाना उचलून तो कामाला लागला. नवा पिस्टन बसवला, सिलिंडर पॉलिश पेपरनं घासला, प्लग नवा घातला. आपल्या डब्यातून पेट्रोल घेतलं, आपल्याच हातानं त्यात मोबिल ऑइल ओतलं, डबा खूप हलवला आणि टाकीत रिता केला. त्याच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात या कामात त्याची कधी चूक झाली नव्हती.

दिवेलागण होत आली तेव्हा त्यानं किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं. गुऱ्हाळाच्या पत्र्यावर तो आवाज आपटला आणि आढ्यातली वटवाघळं उठली. काकासाहेब धावत आले आणि दारातच थांबले.

"झाली की चालू," ते म्हणाले. मग नाक वर करून वास घेत म्हणाले, "मिस्त्री, धूर कसा न्हाई वो?"

कमरुद्दीननं मागं वळून पाहिलं. सायलेन्सरमधून काहीच येत नव्हतं. इतक्या वर्षांनी चालू झालेली गाडी, तेल मिसळलेलं, गुऱ्हाळ धुरानं भरून जायला हवं होतं. त्यानं सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. गरम वारा लागत होता. तळहात कोरडाच राहिला. आणि इंजिनाचा आवाज हळूहळू बदलायला लागला. आत कुणीतरी दात खात असल्यासारखा. त्यानं गाडीची किल्ली काढली. गाडी बंद झाली नाही. पेट्रोलचा कॉक फिरवला. तरीही नाही. आवाज चढतच गेला, कोरडा, घासत...

"वहिनी," कमरुद्दीन म्हणाला. "मी खोटं बोललो. तेल नव्हतं त्या दिवशी. एक थेंबसुद्धा नव्हता."

मालनबाईनं नुसती मान हलवली. जणू कुणी तिला वेळ विचारली होती आणि तिनं ती सांगितली. ती घरात गेली, एरंडेलाची बाटली घेऊन आली. माप काठोकाठ भरलं. धावत्या इंजिनाच्या टाकीत तिनं ते ओतलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरून ठेवलं. मग माप टाकीवर पालथं घातलं.

"पडलं वो," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "उशीर झाला. पन पडलं."

सायलेन्सरमधून निळा धूर आला. एरंडेल जळल्याचा तो गोड, जड वास गुऱ्हाळभर पसरला. आवाज मऊ झाला, आणि कुणी हात न लावता गाडी बंद पडली.

शेवटची एसटी गेलेली. कमरुद्दीन ओट्यावर आडवा झाला. निजण्याआधी त्यानं एक काम केलं. कंदील घेऊन गाडीचा नवा प्लग काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला; प्लगशिवाय गाडी चालू होत नाही. मालनबाईनं गुऱ्हाळाला कुलूप लावलं. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "निजा भाऊ. लई उपकार झाले."

झोप लागली तेव्हा तिच्या खोलीत पिशवीत कपडे भरल्याची खसखस ऐकू येत होती. पुढं केव्हातरी त्याला वाटलं, की पितळेवर कुणीतरी पेरानं टण् करून वाजवलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळाचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली चौकटीवर ठेवलेली. काकासाहेबांनी दार उघडलं. गाडी जागच्या जागी होती. माप टाकीवर नव्हतं, आणि घरात मालनबाई नव्हती. मीटरवर चौदा हजार तीनशे पन्नास मैल झाले होते, कालच्यापेक्षा चव्वेचाळीस जास्त. कमरुद्दीननं खिशात हात घातला. प्लग होता, पण त्याच्यावर काजळी धरली होती, आणि बोटांना एरंडेल लागलं.

आठच्या एसटीच्या ड्रायव्हरनं मालनबाईच्या भावाचा निरोप आणला. त्यांचं गाव नदीपलीकडं बावीस मैलांवर. मालन तांबडं फुटायच्या आधीच दारात येऊन उभी राहिली, सुखरूप आहे, काळजी करू नये. केस वाऱ्यानं विस्कटलेले आणि हातात पितळेचं एक माप आहे, ते काही केल्या सोडत नाही. आणि भावानं एवढंच विचारलं होतं, की तिला सोडायला जो आला होता, तो चहा न घेता का गेला.