ओल्या बाळंतिणीची सुई

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा सिर्मा काकवी आणायला तळघरात उतरली. वेळ तिला पक्की आठवायची. नुकतंच तिनं एल्मासला पाजलं होतं, घड्याळात बघितलं होतं आणि पोरीला सासूच्या मांडीवर दिलं होतं. पहिलटकरीण ती. बाळ किती वाजता प्यायलं, किती वाजता झोपलं, सगळं घड्याळ बघून चालायचं.

वर अंगणात आळीतल्या बायका बाळ बघायला जमल्या होत्या. दालचिनीच्या लाल सरबताचे पेले फिरत होते. तेवढ्यात काकवी संपली.

"थांब, मी आणते," सासू म्हणाली. दोने तिचं नाव. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. "ओल्या बाळंतिणीनं एकटीनं खाली जाऊ नये."

"आई, दोन मिनिटांत येते. तुम्ही त्या पायऱ्या उतरणार कधी आणि चढणार कधी?"

"जाऊ दे गं दोने," समोरच्या घरातली फेरीदेआत्या म्हणाली. "हिचं ते जागरणाचं तोंड बघून जिन्नच पळून जातील."

सगळ्या हसल्या. सिर्माही हसली आणि उतरली.

तुर्कस्तानातल्या आंतेपच्या जुन्या वस्तीत घरोघर असं तळघर आहे. मऊ दगडात खोदलेलं, भर उन्हाळ्यातही गार. सरहद्दीपलीकडच्या अलेप्पोहून उंटांचे तांडे यायचे तेव्हा व्यापाऱ्यांचा माल इथेच उतरायचा. आता तिथे लोणची, वाळवलेल्या वांग्यांच्या माळा आणि द्राक्षांच्या काकवीच्या बरण्या असतात. एका घराचं तळघर दुसऱ्याला लागून, मध्ये दगडाची पातळ भिंत. भूकंपात सिर्माच्या घराकडची भिंत खचली होती आणि पलीकडे जाण्याएवढं भगदाड पडलं होतं. बुजवू बुजवू म्हणत ते तसंच राहिलं होतं.

वरून तांबटांच्या बाजारातली ठोकठोक ऐकू येत होती. सिर्माचा नवरा जुमा तिथेच कामाला. पायऱ्या संपल्या तशी ती ठोकठोक बंद झाली. दार लोटल्यावर व्हावी तशी.

सिर्मानं बरणी उचलली. नासलेल्या दुधाचा वास आला. तिनं मान वळवली.

भगदाडापलीकडे दगडाच्या ओट्यावर एक बाई बसली होती. छातीशी कापडाचं गाठोडं. हळूहळू झुलवत होती.

सिर्माला काही वावगं वाटलं नाही. युद्धामुळे अलेप्पोकडून आलेली किती कुटुंबं मिळेल त्या कोपऱ्यात भाड्यानं राहत होती. असेल त्यातलीच एखादी.

"तुझं कितीचं?" बाईनं हळूच विचारलं.

"अकरा दिवसांचं. मुलगी आहे. तुमचं?"

"ओलंच आहे अजून." बाई गाठोडं झुलवत राहिली. "घरधनी माल घेऊन गेलेत… यायचेत."

असेल ट्रक चालवत, सिर्माला वाटलं.

मग बाईनं हात पुढे केला. "आपली गाठ पडली. सुई दे बाई."

सिर्माचा हात छातीकडे गेला आणि तिला घाम फुटला. दोन ओल्या बाळंतिणींची चाळीस दिवसांच्या आत गाठ पडू नये. पडलीच, तर दोघींनी अंगावरच्या सुया बदलायच्या. नाही बदलल्या तर एकीचं बाळ अंग धरतं आणि दुसरीचं सुकत जातं. म्हणून तर बाळंतिणीच्या छातीवर सुई टोचून ठेवतात. पण सकाळीच ती सुई एल्मासच्या गालाला लागली होती आणि सिर्मानं ती काढून ठेवली होती.

"नाही… माझ्याकडे."

"नाही?" बाई म्हणाली. एवढंच. आणि झुलवायची थांबली.

सिर्मा धावत वर आली. कोणाला काही बोलली नाही. सुई काढली म्हणून सासू रागावेल, ही भीती. आता बघा, कशाची भीती बाळगावी माणसानं!

त्याच संध्याकाळी एल्मासनं दूध सोडलं.

तोंडात धरायची, एकदा चोखायची आणि तोंड फिरवायची. बाटलीचं दिलं तर ओकून टाकायची. रडणंसुद्धा बारीक होत गेलं, मांजराच्या पिल्लासारखं. इस्पितळात रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं चांगलं होतं. नळीनं दूध घातलं, तेही उलटून आलं. मांडीवरची कातडी सुरकुतली. टाळू आत गेली. सिर्माची छाती दुधानं दगडासारखी व्हायची, ती मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायची आणि ओढणी तोंडात कोंबून रडायची.

"उद्या मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे नेऊ," जुमा म्हणायचा. एल्मासचं दुपटं सारखं करत राहायचे त्याचे हात. तांब्यावर घाव घालणारे हात.

शेवटी सिर्मानं सासूचे पाय धरले आणि सगळं सांगितलं.

दोने रागावली नाही. फेरीदेआत्याही तिथेच बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"शेजारी?" फेरीदेआत्या म्हणाली. "पोरी, शेजारी भूकंपापासून कबुतरांशिवाय कोणी राहत नाही. हॉटेल करायला घेतलंय ना ते घर? वरच्या दाराला कुलूप आहे."

"मी बघितलं तिला. बोलले तिच्याशी."

फेरीदेआत्यानं आवाज खाली आणला. नेहमी चेष्टा करणारी बाई, पण आता तिच्या ओठांना कोरड पडली होती. "तू माहेरी होतीस तेव्हाची गोष्ट. मजुरांनी तिथल्या तळघराची फरशी उखडली. खाली रांजण निघाला. आत हाडं… काडीएवढी. तान्ह्याची. किती जुनी, अल्लाह जाणे. संग्रहालयातली माणसं आली, कापसात गुंडाळून रांजणासकट घेऊन गेली. शेजारीच बाईची हाडं होती. ती अजून तिथेच आहेत. वसंतात काढणार म्हणे."

एल्मास झोपेत ओठ हलवत होती. नुसतेच.

"मी सुई बदलून येते," सिर्मा म्हणाली.

"नाही!" दोनेनं तिचा दंड धरला. "मेलेलीशी सुई बदलत नाहीत. जिवंतपणी बदलली तर ज्याचं त्याला परत मिळतं. तिच्याशी बदललीस तर दोघींचं दूध एक होईल. मग ते वेगळं करता येत नाही, पोरी. माझ्या आजीनं बजावलंय."

"आई, हिच्याकडे बघा."

दोनेनं नातीकडे पाहिलं आणि दंड सोडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सिर्मा उतरली. दोने एल्मासला घेऊन वरच्या पायरीवर बसली, पुटपुटत, डोळे मिटून. ठोकठोक बंद झाली. वास आला. मोबाइलच्या उजेडात आधी ओटा दिसला, मग गाठोडं, मग ती.

"आलीस…"

"सुई आणलीय."

सिर्मानं भगदाडातून हात घातला. तिच्या तळव्यावर गार बोटं टेकली, पाण्यात भिजलेल्या मातीसारखी. सुई गेली. तिच्या जागी काहीतरी लांब, जड ठेवलं गेलं. टाचणीच, पण बोटाएवढी, हिरवी पडलेली.

सिर्मानं तिथून निघायला हवं होतं. पण आईपण वाईट असतं. तिनं विचारलं, "तुमचं बाळ… पितं का?"

बाईनं गाठोड्याचं एक टोक उचललं. मग दुसरं. आत काही नव्हतं. कापडाला नुसता बाळाचा आकार राहिला होता.

"नेलं," ती म्हणाली. "कोणी, ते कळलं नाही… भूक लागली असेल त्याला."

"लागली असेल," सिर्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

तेवढ्यात वरून टाहो ऐकू आला. भुकेचा, चिडलेला, खणखणीत टाहो. सिर्मा हातापायांवर धडपडत वर गेली. एल्मास तिला अशी बिलगली की ओढणी सावरायलाही वेळ मिळाला नाही. घटाघटा प्यायली. दोने जमिनीला कपाळ लावून रडत होती.

पोर वाचली. महिन्याभरात गाल वर आले. फेरीदेआत्या म्हणाली, "माशाल्ला, आता हिला तांबटांच्या तराजूत तोला!"

पण एल्मास फक्त उजव्या अंगाला प्यायची. डाव्या अंगाला लावलं की तिथे आधीच कोणी असल्यासारखी मागे सरायची. आणि डावं अंग भरायचं, पान्हा फुटायचा, पण कपडा ओला होत नसे. एल्मास पाळण्यात झोपलेली असताना सिर्माला तिथे बारीक हिरड्यांची ओढ जाणवायची. मग सैल पडायचं. रिकामं. बाईच्या जातीला ती ओढ ओळखू येते, ती दुसरी कशाची नसते.

तिनं जुमाला सांगितलं नाही. कसं सांगणार? कोणाच्या तरी लेकराचं पोट भरतंय, एवढं म्हणून ती गप्प राहिली. पण गेल्या आठवड्यापासून उजव्या अंगाचं दूध आटायला लागलंय. एल्मास पिऊन झाल्यावरही रडते, पुन्हा शोधते. डावीकडची ओढ मात्र वाढली आहे. लांबते. जोर लावते.

आणि परवा अंघोळीला बसली तेव्हा सिर्माला डाव्या बाजूला दोन बारीक ठसे दिसले, जवळजवळ, लाल. दातांचे.

एल्मासला अजून दात आलेला नाही.

तेव्हा बायांनो, आंतेपच्या संग्रहालयात तुमच्या ओळखीचं, नात्यातलं कोणी असेल, झाडूवाली असली तरी चालेल, तर तिच्यापर्यंत एवढा निरोप पोचवा. वसंताची वाट बघू नका म्हणावं. तो रांजण उघडू नका, आत बघू नका, तसाच उचला आणि त्याच्या आईजवळ नेऊन ठेवा. एकीनं दुसरीला सांगा. जिच्या कुशीत तान्हं आहे तिनं तर आजच सांगा.