दोन थापा

माझ्या गोष्टींत निम्मं खोटं असतं, असं आमची ही चारचौघांत सांगत फिरते. तिचं खोटं नाही. पण ही गोष्ट कुठल्या निम्म्यातली, ते तुम्हीच ठरवा. मी अजून ठरवलेलं नाही.

भर दुपारी एक जुनी पिकअप माझ्या गॅरेजच्या अंगणात येऊन थांबली. चालवणारा तिशीचा, गालफडं बसलेला. म्हणाला, पेट्रोलचा पंप बदलायचाय, अगदी नवाकोरा घाला. मी किल्ली फिरवून कान दिला. चांगला पंप टाकीच्या पोटात माशीसारखा गुणगुणतो. हा ठार मुका. मग इथवर आलात कसे, असं विचारलं, तर गडी जमिनीकडे बघत सगळं सांगू लागला.

अशा मेल्या पंपावर एक जुना उपाय असतो. एकानं किल्ली मारायची, दुसऱ्यानं गाडीखाली आडवं होऊन लाकडी हातोडीनं टाकीचं बूड ठोकायचं. टक, टक, टक. हादरा बसला की पंप डोळे उघडतो. हा आणि याचा थोरला भाऊ रोज तसंच करायचे. हा धाकटा वर, थोरला खाली. थोरला बाहेर आला की बाजूच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा, म्हणजे 'निघालो'. थापा ऐकल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, एवढा एकच नियम. एका सकाळी इंजिन लागलं आणि यानं घाईत गिअर टाकला. मागचं चाक उचललं गेलं, आणि आपटलं.

"मग आता ठोकतं कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही, मिस्त्री..." तो पुटपुटला. "पण ठोकणं येतं. किल्ली मारली की येतं..."

मी हसणार होतो. त्यानं हसू दिलं नाही. म्हणाला, वहिनी रोज सकाळी दारात येऊन ते ऐकते. हातात चहाचे दोन कप असतात. त्यातला एकही माझ्यासाठी नसतो.

नवा पंप बसला की ठोकायची गरजच संपली, हा त्याचा हिशेब. मी पेट्रोल काढून घेतलं, पट्टे सोडले, टाकी खाली उतरवली. बुडाला हातोडीचे खळगे, देवीच्या वणांसारखे. जुना पंप काढला, नवा बसवला, टाकी चढवली. किल्ली फिरवताच आत गुणगुण झाली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. खालून जराही आवाज नाही. धाकट्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सुटलो, म्हणाला. मग गिअर टाकला.

मागचं चाक उचललं गेलं. धप्.

माझं अंगण आरशासारखं सपाट, ताज्या कोब्याचं. मी वाकून बघितलं, खाली काही नाही. त्यानं गाडी मागे घेतली. पुन्हा धप्. काहीतरी मऊ असल्यासारखं.

माझी जीभ मेली वाईट. मी म्हणालो, "ठोकायचं काम काढून घेतलंत, पण त्याला बाहेर कोणी बोलावलंय?"

तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, "जुनाच घाला परत. तो ठोकेल... मग बाहेर येईल. या वेळी मी थांबेन."

दुनियेत नवा पंप काढून मेलेला बसवणारा मिस्त्री मी एकटाच असेन. पण बसवला. उन्हं अजून गॅरेजच्या पत्र्यावर होती. त्यानं किल्ली मारली. आधी काहीच नाही. मग... टक. टक. टक. माझे दोन्ही हात बॉनेटवर होते, तळव्यांना जाणवलं. इंजिन लागलं.

त्यानं गिअरला हात लावला नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिला. "सावकाश ये, दादा... मी थांबलोय," एवढंच म्हणाला. इंजिन चालू, पेट्रोल जळतंय, माझी सावली लांब होत चाललेली.

आणि मागून आल्या. दोन थापा. खणखणीत, गंमत केल्यासारख्या.

त्याचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ऐकलंत ना? मी मान हलवली. त्यानं हलकेच गिअर टाकला.

धप्.

गाडी थांबली. तो उतरला नाही. मीच मागे गेलो. पत्र्यावरच्या धुळीत दोन पंजे उमटले होते. उभा माणूस कमरेच्या वर थाप मारतो. हे पंजे पार खाली, चाकामागच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मारणारा बाहेर आलाच नव्हता. पडल्या पडल्या नुसता हात काढून त्यानं थापा दिल्या होत्या.

"मिस्त्री..." पुढून दबका आवाज आला. "निघाला ना दादा?"

मी फडक्यानं पंजे पुसले. "निघाला," म्हणालो.

तेवढ्यात गाडीखालून माझ्या बुटाच्या टाचेवर कोणीतरी हळूच ठोकलं.

टक. टक. टक.