बाराव्या बाईची मान

राजपालनं आत्याच्या हातचा चहा घेतला, पण मान वर केली नाही.

चांगुणाआत्या ईट गावाजवळच्या वस्तीवर अठरा वर्षं शाळेची खिचडी शिजवत होती. तीन महिन्यांपूर्वी तिला कामावरून बंद केलं. कारण राजपालचा कागद.

राजपाल पुण्यात मेंदूच्या जोडण्यांवर पीएचडी करत होता. वस्तीवरच्या बाया त्यानं जीपनं सोलापूरला नेल्या, एकेकीला एमआरआयच्या बोगद्यात सात मिनिटं निजवलं, दर दोन सेकंदाला मेंदूचं एक चित्र काढलं. मेंदूचे दोन भाग एकाच तालात चढउतार करत असले, की त्यांच्यात जोड आहे असं मानायचं. मानायचं, बरं का! डोळ्यांना दिसत काहीच नाही, सगळा आकड्यांचा अंदाज. त्यात डोकं जरासं हललं की अंदाज फसतो, धड जोडसुद्धा तुटकी दिसते. हे राजपालला ठाऊक होतं. तरी घाईत त्यानं हललेली चित्रं गाळली नाहीत आणि लिहून मोकळा झाला: 'चांगुणाबाईंच्या मेंदूतल्या जोडण्या सैल. विसरभोळेपणाची सुरुवात असू शकते.'

आत्याला वाचता येत नव्हतं. राजपालनं हातात दिलेला तो कागद तिनं कौतुकानं शाळेत नेला. माझ्या भाच्यानं लिवलंय म्हणाली.

शाळेच्या कमिटीतल्या चौघांना बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातची खिचडी अठरा वर्षं खुपत होती. निमित्त सापडत नव्हतं. ते घरच्याच पोरानं छापून दिलं.

आठ दिवसांपूर्वी लाजेनं झोप उडाली, तेव्हा राजपालनं मूळ फायली उघडल्या. आत्याची मान हलली होती, पण कशीही नाही. खाली, वर. थांबून पुन्हा खाली, वर. मशीन तपासलं, ते ठीक होतं. मग एकामागून एक अकरा बायांच्या फायली पाहिल्या. अकराही माना तशाच. बारावी फाईल त्यानं उघडली नाही.

"आत्या, मशीनीत तुम्ही मान का हलवत होता?"

"हुंकारा देत व्हते की! कुणी गोष्ट सांगाया लागलं, आन् आपण धोंड्यावानी गप पडायचं व्हय?"

"कोण सांगत होतं?"

"तुजीच बाई आसंल मशीनीतली."

बोगद्यात बाई नव्हती. स्पीकर होता, तो चित्रं निघताना बंद असे.

"काय सांगत होती?"

"एक पोरगं व्हतं, लई शिकलं. आपल्याच माणसांची मापं घ्याया आलं. एवढ्यात माजी येळ सरली." आत्यानं कप उचलला. "ते ऱ्हाऊ दे. माजं डोस्कं शाबूत हाय म्हणून लिहून देतोस का न्हाय?"

"देतो," तो म्हणाला आणि उठला. लिहिलं तर पीएचडी गेली. न लिहिलं तर आत्याची चूल.

बोगद्यात आत्यानंतर नंबर होता किराणावाल्या शिवलीलाअक्कांचा. त्या गूळ तोलत होत्या. विचारल्यावर हात थांबला.

"'मापं घेतली, पण माणूस बघितलंच न्हाय.' मला तिथून सुरू झालं. त्याच्या आधीचं काय होतं रे?"

राजपाल दारोदार फिरला. ज्या क्रमानं बाया बोगद्यात गेल्या, त्याच क्रमानं गोष्ट पुढं सरकत होती. एकीनं दुसरीला सांगितलेली नव्हती. जिला तिला आपला तेवढाच तुकडा माहीत होता.

अकरावी शुभांगी. तिनं दारातच टोला हाणला. "काय साहेब, परत डोकी मोजायला आलात? आधीची तरी धड मोजली का?"

"वहिनी, मशीनीत काय ऐकलं?"

तिचं हसू विरलं. "'मग बारावी बाई मिळंना. तवा ते पोरगं सोताच बोगद्यात शिरलं, आन् बाईचं नाव लावलं.' बस, एवढंच. का हो, माझ्या मागनं कोण होतं?"

राजपाल दारातूनच मागं वळला. बाराचा आकडा भरायला तोच आत निजला होता. मशीन तपासायचंय असं ऑपरेटरला सांगून. कागदावर लिहिलं होतं: महिला, वय बावन्न. हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

आत्याच्या ओट्यावर बसून त्यानं सगळं लिहिलं. आत्याचा निष्कर्ष खोटा, बारावी बाई खोटी, चूक माझी. सही केली, आत्याला वाचून दाखवलं.

आत्यानं कागदाची घडी घातली. "आपल्या माणसांत आसं करायचं व्हतं व्हय रं?" एवढंच म्हणाली, आणि कागद घेऊन शाळेकडं चालू लागली.

राजपालनं लॅपटॉप उघडला. बारावी फाईल.

त्याला आत काही ऐकू आलं नव्हतं. आठवत होती ती नुसती मशीनची धडधड.

खाली, वर. थांबून पुन्हा खाली, वर.

सहा मिनिटं त्यानं हुंकारा दिला होता.

मग शेवटचं मिनिट.

माणसानं मान कितीही गच्च धरली, तरी श्वासानं केसभर हलतेच. ती हालचाल आकड्यांत उतरतेच. अकराही बायांची उतरली होती.

त्याच्या शेवटच्या तीस चित्रांपुढं हालचालीचा आकडा शून्य होता. तीसच्या तीस.